एका शिंपल्यात अकरा

आमच्या गावाहून समुद्र कुठल्याही दिशेनं
एक रात्र आणि वर अर्धा दिवस, आगगाडीनं.
तरी तो यायचा, तागाच्या पोत्यांतून.
कोवार्झची घोडागाडी स्टेशनचा चढ चढायची
तेव्हा पोत्यांत खळखळ वाजायचं,
आणि आम्ही पोरं मागून धावायचो,
कारण एखादं पोतं फाटकं असायचंच.

पोत्यांना वास असायचा. कुजक्या मासळीचा, तागाचा.
थंडीत कमी, वितळत्या बर्फात जास्त.
आई खिडकी लावून घ्यायची.

बाबा नळीच्या करवतीवर.
शिंपला उजेडाकडे धरायचे, तिरका करायचे,
मनात कुठे काय बसतंय ते पाहायचे,
मग घरघर, पाणी, कोपरापर्यंत पांढरा चिखल,
आणि पेल्यानं पिठाच्या चकत्या पाडाव्यात
तशा बटणाच्या चकत्या टपटप डब्यात.
एका शिंपल्यात अकरा.
नवशिक्याच्या हाताला नऊच लागायची.
बारा काढणारा एक जण होऊन गेला, वेन्देलीन नावाचा.
त्याचं आडनाव आता कुणालाच आठवत नाही,
बारा मात्र सगळ्यांना.

रात्री जेवणाचं टेबल पुसून
आई, मी आणि ब्लाझेना आत्या
बटणं पुठ्ठ्यावर शिवायचो. खाली चंदेरी कागद,
वर एका ओळीत सहा, अशा चार ओळी.
आत्या पुठ्ठे मोजायची आणि प्रार्थनाही पुटपुटायची
एकाच सुरात, एकाच दमात.
कधीमधी देवाच्या कानी सदतीस जायचे.

आमच्या अंगावर मात्र ती बटणं नसत.
बाबांच्या सदऱ्याला हाडाची,
माझ्या झग्याला नाड्या.

संध्याकाळी बाबा घरी यायचे ते भुवया पांढऱ्या करून.
तोंड धुतलं की काळ्या.
एका हिवाळ्यात धुऊनही पांढऱ्याच राहिल्या
आणि खोकला सुरू झाला.
डॉक्टरांनी पाठीला कान लावला,
बराच वेळ ऐकत राहिले.
काय ऐकलं ते सांगितलं नाही.
शिंपला कानाशी धरला की ऐकू येतं म्हणतात,
तेच असावं.

मी समुद्र पाहिला एकेचाळिसाव्या वर्षी.
कारखान्यानं बारा जणींना बल्गेरियाला पाठवलं,
चांगल्या कामाबद्दल, जेवणखाणासकट.
लिद्मिला किंचाळत पाण्यात शिरली, चपला न काढताच.
मी वाळूत वाकले.
एक शिंपला उचलला, उजेडाकडे धरला, तिरका केला.
पातळ. मधोमध चीर.
तीन निघतील, फार तर चार,
तीही लहान मुलांच्या सदऱ्याची.
टाकून दिला.
मग मान वर केली.

वास ओळखीचा निघाला. ताग तेवढा नव्हता.

कारखान्यात आता गाद्यांचं गोदाम आहे.
दालिबोरकडे दोन यंत्रं चालतात, तीही
सणाच्या पोशाखांची मागणी आली तर.
पण बटाटे काढताना फावडं अजून अडतं:
बारीक खण्ण आवाज, आणि मातीतून वर येतो
शिंपला, भोकंच भोकं पडलेला,
कडा राहिलेल्या, बटणं गेलेली.
पूर्वी गाड्या भरभरून ओतायचे रस्त्यात,
चिखल होऊ नये म्हणून.

प्रागहून नवा शेजारी आलाय, बागेची हौस असलेला.
परवा तो कुंपणाशी आला, तळहातावर असा एक तुकडा,
आणि विचारू लागला, अगदी गंभीरपणे,
इथे पूर्वी समुद्र होता का?
होता, म्हटलं.
कधी?
मंगळवारी. कधी कधी शुक्रवारीसुद्धा.

तो हसला. त्याच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण
एका दोऱ्यावर लोंबत होतं.
प्लास्टिकचं होतं.
तरी म्हटलं, थांब जरा, सुई आणते.